गेमिंग बंदीच्या बातम्यांबद्दल संदीपला

घणसोली, नवी मुंबई

प्रिय संदीप,

परवा फोनवर विषय निघाला आणि तुझी पेपरची पानं छपाईला सोडायची वेळ झाली म्हणून अर्धवटच राहिला, तेव्हा म्हटलं नीट लिहूनच काढतो. तू म्हणालास, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणाऱ्या कायद्याला आम्ही भरपूर जागा दिली, अजून काय करायचं? दिलीत, मान्य, पण कशाला दिलीत ते जुने अंक काढून बघ ना.

२० ऑगस्ट २०२५ ला बिल लोकसभेत आलं आणि गोंधळात त्याच दिवशी पास, दुसऱ्या दिवशी राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. एवढा मोठा कायदा, संसदेत धड चर्चा नाही, हे मलाही पटलेलं नाही. मग चर्चा निदान तुमच्याकडे तरी व्हायला हवी होती की नाही? तर चॅनेलवर कितीतरी दिवस एकच, जर्सीवर नाव असलेलं गेमिंग ॲप ड्रीम इलेव्हन गेलं, ३५८ कोटींचा करार गेला, आता टीम इंडियाच्या जर्सीवर कोण. पुढे अपोलो टायर्स आलं, ती पण मोठी बातमी. बिझनेसच्या पानावर दोन लाख नोकऱ्या जाणार, सरकारचा वर्षाला २० हजार कोटींचा टॅक्स बुडणार, हे कंपन्यांच्या संघटनांचं म्हणणं. यायलाच पाहिजे ते, ज्यांची नोकरी जाते त्यांचंही घर असतं. पण सरकारने स्वतः सांगितलेला अंदाज, की ४५ कोटी लोक दरवर्षी मिळून २० हजार कोटींच्या आसपास हरतात, तो एका ओळीत आला आणि गेला. हे लोक कोण, कुठल्या गावचे, पैसा कुठून आणतात, हे विचारायला कोणाच्या दारात कोणी गेलं का? आपल्याकडे तर महिनाभर आधीच तेव्हाचे कृषिमंत्री कोकाटे यांचा सभागृहातला रमीचा व्हिडिओ गाजला होता, ते म्हणाले मी खेळत नव्हतो, मग कृषी खातं जाऊन क्रीडा आलं आणि रमीचा विषय तिथेच संपला.

आमच्या बाजूच्या विंगमध्ये एक पोरगा आहे, महापेला कंपनीत, वडील वाशी मार्केटला माथाडी होते, आता रिटायर. ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये फोनवर पत्ते सुरू झाले, मग पगार, मग क्रेडिट कार्ड, मग लोन देणारी ॲप, मग आईचे दागिने गहाण. घरात कळलं तेव्हा कायदा होऊन गेला होता. आणि मला सगळ्यात लागलं ते हे, की ते लोक अजून गप्पच बसले कारण त्यांना वाटलं खेळणारा पण आत जाणार. कोणी सांगितलं तर म्हणे टीव्हीवर ऐकलं, तीन वर्षं जेल आणि एक कोटी दंड. अरे ती शिक्षा पैशाचा खेळ चालवणाऱ्याला आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंत, खेळणाऱ्याला काहीच नाही! हे हेडिंगमध्ये पाहिजे होतं संदीप. सोबत टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर छापला असता तर त्या पोराच्या आईने निदान फोन तरी केला असता, रात्र रात्र जागी असायची ती.

ते स्किल की नशीब वालं पण तसंच. प्रत्येक डिबेटमध्ये कोणीतरी म्हणतो सुप्रीम कोर्टाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलंय. म्हटलंय, १९६७ च्या निकालात. पण त्याच निकालात असंही आहे की क्लबचा मालक पैसे लावून खेळलेल्या डावातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. हा भाग मी तरी एकाही चॅनेलवर ऐकला नाही, आणि ॲपचा धंदा तर प्रत्येक डावातल्या कटवरच उभा होता.

तुझा मुद्दा, की बंदी आली की लोक परदेशी साइटवर जातील. जातील काही, त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण त्या साइट बंदीच्या आधीपासून आहेत आणि न्यूज पोर्टलच्या नावाने जाहिराती करत होत्या, माहिती प्रसारण खात्याला ऑक्टोबर २०२२ मध्ये टीव्ही चॅनेलना आणि २०२३ मध्ये पेपरवाल्यांना लेखी सांगावं लागलं की हे छापू नका, दाखवू नका. म्हणजे लोकांना त्या दारापर्यंत न्यायला मीडिया पण होताच. सचिन तेंडुलकरने गेमची जाहिरात केली म्हणून बच्चू कडू त्याच्या घरासमोर बसले ते तुम्ही छापलंत, ठीकच केलंत, पण पैशाच्या गेमच्या जाहिरातींतून आम्हाला किती मिळत होते हे एका तरी पेपरने वाचकाला सांगावं असं मला मनापासून वाटतं. संपादकांना विचार तू. नाही म्हणतील, तरी विचार.

आता प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे, म्हणजे दर तारखेला बातम्या येणार. त्याआधी एकदा इकडे ये. त्या पोराचे वडील बोलायला तयार आहेत, नाव आणि फोटो नको एवढंच म्हणणं आहे. दागिन्यांच्या पावत्या, लोनवाल्यांचे मेसेज सगळं ठेवलंय त्यांनी. रविवारी सकाळी घरी असतात. ठाण्याहून पनवेल किंवा वाशी कुठलीही पकड, मी स्टेशनला येतो, फक्त शनिवारी रात्रीपर्यंत कळव कारण त्यांना आधी सांगावं लागेल.

तुझा,
विनायक