आबांच्या पायाचा कागद

सिस्टर,

गेल्या आठवड्यात आबांच्या गोळ्यांचं बारावं पाकीट संपलं. 'झालं बरं का आबा' म्हणून तुम्ही पुढच्या घरी निघालात. मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

दीड वर्ष आम्ही शहरातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे खेटे घातले. पाठीवरच्या चट्ट्याला ते गजकर्ण म्हणाले. दर खेपेला नवं मलम. चट्ट्याला खाज नाही, तिथे घामही येत नाही, हे आबा सांगायचे. ऐकायला वेळ कुणाला? २००५ साली कुष्ठरोगाचं 'दूरीकरण' झालं म्हणतात. म्हणजे दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढंच. तो एक आमच्या ओट्यावर बसलेला होता.

मळ्यात भरताची वांगी भाजताना आबांनी जळती काडी हातानेच सरकवली. बोटावर टरटरून फोड आला, त्यांना पत्ता नाही. दोन दिवसांनी आशाताईंबरोबर तुम्ही घरोघरी तपासायला आलात आणि फोड बघून विचारलंत, "आबा, हे दुखत नाही?" मग डोळे मिटायला लावून पेनाचं टोक टेकवलंत. चट्ट्यावर टेकवलेलं त्यांना एकदाही सांगता आलं नाही.

आता लाजेची गोष्ट. रोगाचं नाव कळलं त्या रात्री आबांचं ताट मी वेगळं केलं. मी, बी.एस्सी. झालेला! औषध सुरू झालं की लागण होत नाही, हे तुम्ही समजावलंत. मान हलवली मी, ताट मात्र वेगळंच राहिलं.

मग चपलांचं माप घ्यायला तुम्ही आलात. खाली फरशीवर बसलात, जुनं वर्तमानपत्र पसरलंत, आबांची भेगाळलेली टाच हातात धरून कागदावर टेकवलीत आणि पेन्सिल फिरवलीत. सावकाश, अंगठ्याच्या वळणासकट. आबा रडले. "तू मन्ही माय शे," म्हणाले. त्या संध्याकाळी मी त्यांच्याच ताटात जेवलो.

लघवी लाल होईल, कातडी काळवंडेल, घाबरू नका, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. नाहीतर आबांनी दुसऱ्याच दिवशी गोळ्या उकिरड्यावर टाकल्या असत्या. सरकारी उपकेंद्राला नावं ठेवण्यात मीही पुढेच होतो. आता कुणी ठेवलं की भांडतो.

तो कागद आबांनी गादीखाली ठेवलाय. या हिवाळ्यात भरीत खायला या. वांगी मी भाजतो. आबांना चुलीजवळ येऊ देत नाही, त्यावरून रोज वाद.

तुमचा,
आबांचा मुलगा