टॉर्च बंदुकीवर लावू नकोस

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. रात्री श्वास रोखून बुडी मारत भाल्याने मासे मारायला कुठली टॉर्च घ्यावी, म्हणून तू यादी पाठवली आहेस. तिच्यातल्या प्रत्येक टॉर्चपुढे तू लुमेनचा, म्हणजे प्रकाशाचा, आकडा लिहिला आहेस, बाकी काहीच नाही. आणि शेवटी, सहज आठवल्यासारखं, ‘स्पिअरगनच्या नळीखाली बसवायचा क्लॅम्पही मागवतो.’ स्पिअरगन म्हणजे आपली भाला सोडणारी बंदूक. त्या ओळीवर मी अडलो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

क्लॅम्प मागवू नकोस. दिवसा बघणं वेगळं आणि बंदूक रोखणं वेगळं. रात्री मात्र उजेड पडेल तेवढंच जग असतं. टॉर्च बंदुकीला बांधलीस, की जे जे बघायचं त्यावर बंदूक रोखणं आलंच. कपारीत डोकवायचंय, बंदूक फिरव. वर तरंगणाऱ्या फ्लोटची दोरी कुठे गेली, बंदूक फिरव. मी बुडीतून वर येतोय तो धड आहे ना हे बघायचंय, तर भाल्याचं टोक माझ्या छातीवर. भरलेली बंदूक माणसाकडे करायची नाही, हा नियम तू दिवसा किती काटेकोर पाळतोस ते मला माहीत आहे. रात्री तोच नियम क्लॅम्पमुळे तुझ्या नकळत दर बुडीला मोडेल. शिवाय मासा भाल्यासकट खडकात घुसला आणि तुला बंदूक सोडून वर यावं लागलं, तर उजेडही खालीच राहिला.

टॉर्च मोकळ्या हातात हवी. त्यातही हाताच्या पाठीवर पट्ट्याने बसणारी उत्तम, कारण बंदूक भरताना तिचं रबर ओढायला दोन्ही हात लागतात. दोरीने मनगटाला लटकवणार असशील, तर ती एका झटक्यात सुटायला हवी. खडकात अडकलेली टॉर्च सोडून देता आली पाहिजे, तिच्यासाठी श्वास खर्च करायचा नाही. डोक्यावरची टॉर्च मला त्याहून नापसंत. तू माझ्याकडे वळलास की माझे डोळे दिपलेच, आणि अंधाराला सरावलेली नजर पूर्ण परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात.

आता लुमेन. हा आकडा एकूण प्रकाश किती ते सांगतो, तो कुठे जातो ते नाही. हजार लुमेन दहा अंशांच्या झोतात एकवटले तर लांबची कपार उजळते, तेच हजार शंभर-एकशेवीस अंशांत पसरले तर पायापुढचं पाणी तेवढं उजळतं. तुझ्या यादीतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या दोन टॉर्च नेमक्या अशा पसरट झोताच्या आहेत, व्हिडिओसाठी केलेल्या. त्या वाईट नाहीत, पण आपल्या कामाच्या नाहीत. पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण उजेड परत डोळ्यांकडे फेकतो. धुक्यात गाडीचा हाय बीम लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसं. म्हणून झोत अरुंद घे, मधला गाभा प्रखर आणि भोवती थोडा फिकट उजेड. अन् टॉर्च मास्कपासून लांब, हात बाजूला काढून धर. नजरेच्या रेषेतून उजेड हटला की पाणी एकदम स्वच्छ वाटायला लागतं.

वेष्टनावरचे अंश हवेतले की पाण्यातले, तेही बघ. सपाट काचेतून पाण्यात शिरताना प्रकाश आत वळतो, त्यामुळे हवेतला बारा अंशांचा झोत पाण्यात साधारण नऊचा होतो. तुझ्या दृष्टीने हे चांगलंच. दुकानात भिंतीवर थोडा पसरट वाटलेला झोत पाण्यात आवळून येतो.

लुमेन दुप्पट केले म्हणून दुप्पट दिसत नाही. डोळ्याला दुप्पट वाटायला प्रकाश बराच जास्त, चौपटीच्या आसपास, लागतो. हजार आणि दीड हजार यांतला फरक तुला जेमतेम कळेल. त्यात उजेडाला माशापर्यंत जाऊन परत यायचं असतं. मासा पाच मीटरवर असेल तर पाणी दहा मीटर कापायचं. वाटेत लाल रंग सगळ्यात आधी गिळला जातो, म्हणून लांबचं सगळं निळं-हिरवं आणि रंग दिसायचे ते जवळ गेल्यावरच. माझा हिशेब असा: निवळ पाण्यात अरुंद झोताचे हजारभर लुमेन पुष्कळ. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालची पायरी दोन-तीनशेची हवी. गढूळ पाण्यात, लहान कपारीत आणि पृष्ठभागावर दम घेताना तीच वापरशील. ज्या टॉर्चला पूर्ण आणि बंद एवढंच येतं, ती परत ठेव.

‘तीन तास चालते’ याला फार भुलू नकोस. एफएल-१ हे टॉर्च मोजण्याचं प्रचलित मानक आहे. त्यात सुरुवातीच्या प्रकाशाच्या दहा टक्क्यांवर घसरेपर्यंतचा सगळा वेळ धरतात. म्हणजे त्यातला बराचसा काळ टॉर्च मिणमिणतच असू शकते. म्हणून प्रकाश आणि वेळ यांचा आलेख असेल तर तो बघ. उजेड बराच वेळ सपाट धरून शेवटी खाली येणारी टॉर्च मला आवडते, पण ती संपत आल्याची आगाऊ खूण देणारी हवी. श्वास रोखून खाली असताना दिवा गपकन गेला तर काय, ते तुला वेगळं सांगायला नको.

सेल बदलता येणारी घे. सेलचं नाव म्हणजे त्याचं मापच: १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ लांबी, २१७०० म्हणजे २१ आणि ७०. पहिल्यात चांगल्या प्रतीचा सेल साडेतीन हजार एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपास थांबतो, दुसऱ्यात पाच हजारांच्या. कुणी १८६५०वर ९९०० छापलेलं दाखवलं तर त्या विक्रेत्याकडून टॉर्चही घेऊ नकोस.

आयपीएक्स८, हा पाण्यापासून बचावाचा दर्जा, लिहिलंय म्हणून बुडीला चालेल असंही नाही. एक मीटरपेक्षा खोल किती आणि किती वेळ, हे त्यात बनवणारा स्वतः ठरवतो. खोली मीटरमध्ये स्पष्ट लिहिलेली हवी. आपण वीस मीटरच्या आतच असतो हे खरं, पण रात्रभर वर-खाली करतो आणि दर वेळी दाब चढतो-उतरतो. म्हणून शंभर मीटरची ग्वाही आणि दुहेरी ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) मला जास्तीची वाटत नाही. त्या रिंगवर एक केस किंवा वाळूचा कण बसला तरी पाणी शिरतं. टॉर्च घरीच कोरड्या हातांनी बंद कर, समुद्रावर उघडूच नकोस. आणि आत पाणी गेलेली टॉर्च उघडायची वेळ आली तर तोंड दुसरीकडे करून उघड. खारं पाणी आणि लिथियम सेल एकत्र आले की आत वायूचा दाब साठतो, झाकण उडतं.

बटणाबाबत माझं मत ठाम आहे. डोकं पिळून चालू-बंद होणारी नको, कारण तिथे पाणी अडवणारी रिंगच दर वेळी घासते. चुंबकाने चालणाऱ्या बटणासाठी टॉर्चच्या कवचाला भोक लागत नाही, म्हणून ते बरं. फक्त त्याच्या खाचेत वाळू आणि मीठ अडकतं, तेव्हा गोड्या पाण्यात बुडवून बटण चारदा मागे-पुढे कर. हातमोजा घालून एका अंगठ्याने चालतं का, ते विकत घेण्याआधी बघ. दुकानात पूर्ण उजेडावर फार वेळ ठेवू नकोस, या टॉर्च पाण्याने थंड होतात आणि हवेत तापतात.

यादी तू एकाच टॉर्चची केली आहेस. दोन लागतील. दुसरी छोटी, पट्ट्याला अडकवलेली. तिसरा एक बारीक लुकलुकणारा दिवा पाठीवर किंवा घोट्याला, आणि एक फ्लोटवर. हे तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. ब्लॅकआउट, म्हणजे प्राणवायू कमी पडून शुद्ध हरपणं, बहुतेक वेळा वर येताना शेवटच्या काही मीटरांत किंवा पाण्याबाहेर डोकं काढल्यावर होतो, कारण दाब कमी होताना रक्तातल्या प्राणवायूचा दाबही कोसळतो. दिवसा मी तुझा चेहरा बघून ओळखतो. रात्री मला दिसणार फक्त तुझा दिवा. तो सरळ वर येतोय, की थांबून भलतीकडे झुकतोय, एवढ्यावर मी बुडी मारायची की नाही ते ठरवणार. म्हणून एक खाली असताना दुसरा वरच, आणि वर आल्यावर निदान तीस सेकंद नजर हलवायची नाही. झोताने मोठं वर्तुळ म्हणजे ठीक. आडवा भराभर हलवला म्हणजे मदत. हे कोरड्यावर आधी करून बघू.

आणखी एक, हे सगळं मागवण्याआधी. जिथे उतरायचं तिथला कायदा बघ. फ्रान्स आणि इटलीत सूर्यास्तानंतर भाल्याची मासेमारी बंद आहे, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये स्पिअरगनबरोबर दिवाच वापरता येत नाही. कारणही उघड आहे. काही जातींचे पॅरटफिश रात्री स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोष विणून कपारीत झोपतात, बहुधा रक्त शोषणारे परजीवी दूर ठेवण्यासाठी. हात लावण्याइतकं जवळ जाता येतं. अशा माशावर भाला सोडण्यात कसलं कसब? मी तरी तो मारत नाही. परवानगी नसेल तर बंदूक घरी ठेव, टॉर्च आण. नुसतं बघायलाही भरपूर आहे, कोळंबीचे डोळे लाल चमकतात तेवढ्यासाठीसुद्धा.

यादीतली तिसरी टॉर्च, जिला तू आकडा लहान म्हणून खाली ढकललं आहेस, ती घे.

तुझाच,
पाण्यातला जोडीदार

ता. क. विमानाने येणार असशील तर सुटे सेल विमानतळावर जमा करायच्या सामानात टाकू नकोस, हातातल्या बॅगेत ठेव, प्रत्येकाची टोकं झाकून. आणि टॉर्चचं बटण लॉक कर किंवा सेल काढून घे. बॅगेत चालू झाली तर कपडे जळतील.