हलशीचे कदंब कोणते?

महोदय,
खानापूरजवळच्या हलशीला ‘कदंबांची राजधानी’ म्हणून गाइड मोकळे होतात. पण कदंब राजघराणी दोन. बनवासीच्या कदंबांच्या काळात हलशीचे नाव पलाशिका. इथल्या ताम्रपटांत जैन दाने नोंदलेली आहेत. त्यांच्यातल्या मृगेशवर्मा राजाने वडिलांच्या स्मरणार्थ इथे जिनालय (जैन मंदिर) बांधल्याचाही उल्लेख आहे. हा काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा. भूवराह-नरसिंहाचे देऊळ मात्र बाराव्या शतकातल्या गोव्याच्या कदंबांचे. दोन्ही गाभारे समोरासमोर, त्यामुळे वराहाकडे तोंड केले की नरसिंहाकडे पाठ होते.

घोटाळा होतो तो सालात. गोव्याचे कदंब अनेकदा शक नव्हे, कलियुगाचे वर्ष कोरत. त्यांच्यातल्या पेर्माडी राजाच्या इथल्या शिलालेखात कली ४२७० आहे. त्यातून ३१०१ वजा केले की इसवी सन ११६९. शक समजून सवयीने ७८ मिळवणारा फसतोच! ताळा हवा असेल तर संवत्सराचे नाव बघा: विरोधी, म्हणजे शके १०९१; त्यात ७८ मिळवले की तेच ११६९.

पुढे इथे यादव, आदिलशाही, मराठे, १८१८ला इंग्रज, १९५६ला मुंबई राज्यातून म्हैसूर. फलकावर दोन्ही कदंब वेगळे लिहावेत, तेही मराठी आणि कन्नड दोन्हींत. आणि शिलालेखांवर कृपया चुना फासू नये. अक्षरांच्या खाचा भरल्या की कागदावर ठसा उमटत नाही.

– एक वाचक, खानापूर