केवळ गॅस भरून भागणार नव्हते

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पिकअपच्या एसीविषयी फोनवर बोलणे निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, "गॅस भरून घे, म्हणजे होईल." हा सल्ला पुष्कळदा तात्पुरता लागू पडतोही; परंतु या वेळी तसे का केले नाही, हे फोनवर नीट सांगता आले नाही. दादाही आता जुनी पिकअप घेण्याच्या विचारात आहे, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

लक्षण असे होते की गाडी रस्त्यावर वेगात असताना हवा बऱ्यापैकी गार येई, पण सिग्नलला थांबून इंजिन मंद चालू लागले की ती कोमट होई. कंडेन्सरचा (गरम गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा बंद पडला तरी नेमके असेच होते, म्हणून तो आधी पाहिला; तो व्यवस्थित फिरत होता. मग कंप्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, दोन्ही बाजूंना गेज (दाब मोजणारे काटे) लावले : जिथून दाबलेला गॅस बाहेर पडतो ती चढती बाजू आणि जिथून तो आत ओढला जातो ती उतरती. पंख्याचा दोष असता तर चढत्या बाजूचा दाब प्रमाणाबाहेर वाढलेला दिसला असता. इथे उलट होते : चढती बाजू पुरेशी चढत नव्हती आणि उतरती बाजू पुरेशी उतरत नव्हती, म्हणजे दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले होते. कंप्रेसर आतून झिजून वायू दाबण्याची त्याची ताकद गेली की असे दिसते. इंजिनचा वेग वाढला की तोही जोरात फिरतो आणि कसाबसा दाब तयार करतो, म्हणूनच धावत्या गाडीत हवा गार लागत होती.

आवाजानेही तेच सांगितले. एसी बंद असताना कंप्रेसरला पुलीशी जोडणारा चुंबकी क्लच सुटलेला असतो आणि फक्त पुली फिरते. तेव्हा घरघर आली तर दोष पुलीच्या बेअरिंगचा असतो. आमच्या गाडीत एसी लावल्यावरच खडखड सुरू होई, म्हणजे दोष आत होता. क्लचची पट्टी आणि पुली यांमधली फट मात्र मी मुद्दाम मोजायला लावली. ही फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. झिजून ती वाढली की तापलेल्या इंजिनजवळ चुंबकाला पट्टी ओढून धरता येत नाही, आणि मग चांगला कंप्रेसरही विनाकारण काढून टाकला जातो. इथे फट योग्य होती.

आता गॅसविषयी. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद वर्तुळात फिरत राहतो, त्यामुळे तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, असाच त्याचा अर्थ होतो. शिवाय कंप्रेसरचे वंगणतेल त्या गॅसबरोबरच फिरत असल्यामुळे गॅस कमी पडला की तेलही पुरेसे परत येत नाही आणि कंप्रेसर कोरडा चालू लागतो. उभ्या गाडीत गेज लावून गॅस भरपूर आहे असे म्हणणेही मला पटत नाही. २५ अंश सेल्सिअसला आर-१३४ए या गॅसचा दाब गेजवर साडेपाच बारच्या थोडा वर दिसतो आणि आत द्रवरूप गॅस थोडा उरलेला असला तरी तो तेवढाच राहतो. खरे प्रमाण कळायचे तर यंत्राने सगळा गॅस काढून तो वजन करावा लागतो, आणि मग बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या ग्रॅमशी ताडून पाहावा लागतो. तो हवेत सोडून देऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण शंभर वर्षांच्या हिशेबाने या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते. १९८७ च्या माँट्रियल कराराला २०१६ मध्ये किगाली येथे जी दुरुस्ती जोडली गेली, ती अशाच वायूंचा वापर कमी करण्यासाठी होती.

गळती बुजवणारे द्रव्य घालण्याचाही सल्ला एकाने दिला. मी नको म्हटले. ते आतल्या बारीक वाटा अडवू शकते आणि गॅस काढण्याचे यंत्रही बिघडवू शकते.

खरे काम नळ्या उघडल्यावर कळले. ऑरिफिस ट्यूबच्या, म्हणजे गॅसला बारीक छिद्रातून सोडणाऱ्या नळीच्या, जाळीवर करडा-काळा गाळ आणि त्यात धातूचा चमकदार कीस साचला होता. आतून खरवडणारा कंप्रेसर आपला चुरा साऱ्या वाटेत पसरवत जातो, आणि केवळ कंप्रेसर बदलला तर तो चुरा थोड्याच काळात नव्यालाही खातो. म्हणून कंडेन्सरही बदलावा लागला. त्याच्या चपट्या नळ्यांतील वाटा इतक्या अरुंद असतात की धुऊन त्या साफ झाल्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. कूलिंग कॉइल आणि साधे पाइप द्रावणाने धुऊन नायट्रोजनने सुकवले. ऑरिफिस ट्यूब, ॲक्युम्युलेटर (कंप्रेसरआधी गॅस साठवणारे भांडे) आणि उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग नवी घातली. ॲक्युम्युलेटरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात आणि हवा लागली की ते वातावरणातीलच ओल पिऊन निकामी होतात, त्यामुळे तिथे काटकसर करण्यात अर्थ नव्हता.

तेलाच्या बाबतीत मेकॅनिकने घेतलेली काळजी मला फार आवडली. नव्या कंप्रेसरमधले तेल त्याने ओतून मोजले, पुस्तिकेत दिलेल्या एकूण प्रमाणाशी ताडले आणि तेवढेच परत भरले. कमी पडले तर कंप्रेसर जाम होतो, जास्त झाले तर गारवा घटतो. पीएजी जातीचे हे कंप्रेसरचे तेल हवेतील ओल झपाट्याने ओढते, म्हणून डबा उघडा ठेवायचा नसतो.

यानंतर व्हॅक्यूम पंप बराच वेळ चालू ठेवला. त्यामागचे कारण तुम्हाला आवडेल : दाब पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटरपर्यंत उतरला की २५ अंशांनाच पाणी उकळते, म्हणून आतली ओल वाफ होऊन बाहेर ओढली जाते. पंप बंद करून काटा जागेवर टिकतो का ते पाहिले आणि मगच वजन करून गॅस भरला. सुरू करण्यापूर्वी कंप्रेसरचा दांडा हाताने काही वेळा फिरवला, कारण आत साचलेले द्रव तेल एकदम दाबले गेले तर झडपा मोडतात.

आता उभ्या गाडीतही हवा गार येते आणि दोन्ही काटे योग्य जागी आहेत.

दुरुस्ती होईपर्यंत मी एसी लावला नाही. आमच्या इंजिनात एकच पट्टा अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंगही फिरवतो. चालू एसीत कंप्रेसर जाम होऊन तो पट्टा तुटला असता, तर भर रस्त्यात स्टिअरिंग जड होऊन इंजिनही तापले असते. आईला या गोष्टीची काळजी वाटत होती. तिला सांगा की गाडी आता निर्धास्त चालते.

दादाला सांगा की गाडी पाहताना इंजिन मंद चालू ठेवून एसीची परीक्षा घ्यावी, कंप्रेसरच्या तोंडाशी तेलकट डाग आहेत का ते पाहावे, आणि आधी कंप्रेसर बदललेला असेल तर सोबत कंडेन्सर व ड्रायर (काही गाड्यांतील ओल शोषणारे भांडे) किंवा ॲक्युम्युलेटर बदलल्याची पावती मागावी. गाडी अलीकडची असेल तर तिच्यात आर-१२३४वायएफ गॅस असू शकतो. तो थोडा ज्वलनशील असून त्याचे जोड वेगळे असतात, त्यामुळे त्यात जुना आर-१३४ए गॅस भरू देऊ नये. थंडीतही अधूनमधून काही मिनिटे एसी लावावा, म्हणजे दांड्याच्या सीलला तेल पोहोचते.

कळावे. आईस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींस नमस्कार.

आपला आज्ञाधारक मुलगा