समोरच्या भिंतीवरचे चित्र

म्युनिक

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई "कशाला उगाच खर्च" म्हणते आणि बाबा नुसते "बघू" म्हणतात, म्हणून सविस्तर पत्र लिहीत आहे. मधल्या खोलीत, बाबांच्या आरामखुर्चीसमोरच्या भिंतीवर लावण्यासाठी मी वासिली कांडिन्स्की या रशियन चित्रकाराच्या एका चित्राची प्रत छापून घेतली आहे. पुण्यात तिची चौकटही तयार झाली असून येत्या रविवारी दादा ती गाडीतून घेऊन येईल. म्हणजे हे पत्र विचारण्यासाठी नाही, कळवण्यासाठी आहे, आणि तुमच्या घराच्या भिंतीबद्दल असे परस्पर ठरवणे मला जड गेले आहे. आजोबांचा फोटो जिथे आहे तिथेच राहील आणि कालनिर्णयाचा खिळाही कोणी हलवणार नाही, एवढे आधीच सांगते.

बाबा, पडल्यापासून तुमचा बराचसा दिवस त्या खुर्चीत जातो. फोनवर मला तुमच्या मागची खिडकी आणि आंब्याच्या फांद्या दिसतात, पण तुमच्यासमोर मात्र नव्याने रंगवलेली कोरी भिंत असते, हे मनातून जात नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही आईच्या साडीकडे बघून "ही इतकी निळी होती?" असे विचारले होते. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश अडवते; नवे भिंग बसले की निळा रंग पुन्हा दिसू लागतो. तुम्हाला परत मिळालेल्या त्या रंगासाठी काहीतरी पाठवावे असे तेव्हापासून मनात होते. समुद्राचे किंवा डोंगराचे छायाचित्र पाठवता आले असते, पण ते एकदा ओळखले की पाहून संपते. हे चित्र संपत नाही, म्हणून ते निवडले.

चित्र १९१३ सालचे आहे. कागदावर आडव्या तीन रांगा, प्रत्येक रांगेत चार चौरस, आणि प्रत्येक चौरसात एकात एक अशी रंगांची वर्तुळे. चौरस पट्टीने आखलेले नाहीत, वर्तुळे कंपासाने काढलेली नाहीत; जलरंगाने भरलेला ब्रश हाताने फिरवला आहे, त्यामुळे एकही कडा दुसरीसारखी नाही. कांडिन्स्कीने ते पूर्ण चित्र म्हणून काढले नव्हते. लाल रंगाभोवती हिरवा आला तर लालचे काय होते, तोच लाल जांभळ्याजवळ ठेवला तर कसा दिसतो, हे स्वतःला कळावे म्हणून केलेला तो अभ्यास होता. १९११च्या अखेरीस आलेल्या पुस्तकात त्याने लिहिले होते की सारख्याच आकाराची दोन वर्तुळे घेतली, एक पिवळे आणि एक निळे, तर पिवळे मधून बाहेर पसरत पाहणाऱ्याकडे येते आणि निळे आत मिटत त्याच्यापासून दूर जाते. बाबा, हे तुम्ही खुर्चीत बसून करून बघा. एका चौरसाकडे थोडा वेळ पाहिलेत की कोणते कडे पुढे आले आणि कोणते मागे गेले ते मला फोनवर सांगा; माझ्या डोळ्यांना दिसते तेच तुमच्या डोळ्यांना दिसेल असे नाही, आणि मला तुमचे ऐकायचे आहे.

आई, "यात आहे काय?" असे तू विचारशील. तू आमच्या जुन्या कपड्यांची गोधडी शिवायला बसायचीस तेव्हा कोणत्या तुकड्याशेजारी कोणता तुकडा ठेवायचा यावर किती वेळ घालवायचीस ते आठव. या माणसाने रंगांच्या बाबतीत तेच केले आहे. पाहुण्यांनी विचारले तर सांग की नागपुरात जन्मलेल्या आणि जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावर पॉल क्लेच्या कलेचा प्रभाव होता, आणि तो क्ले कांडिन्स्कीचा सहकारी होता. क्ले आणि कांडिन्स्की या दोघांची चित्रे डिसेंबर १९२२मध्ये कलकत्त्यातल्या प्रदर्शनातही लागली होती. तेव्हा हे आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही.

कांडिन्स्की १८६६ साली मॉस्कोत जन्मला आणि कायदा शिकला. तिसाव्या वर्षी विद्यापीठातली प्राध्यापकी नाकारून तो चित्रकला शिकायला इथे म्युनिकला आला. बाबा, यावर तुम्ही काही बोलणार नाही, पण मला माहीत आहे तुम्हाला काय आठवेल. १९१४ला महायुद्ध सुरू झाले आणि रशियन असल्यामुळे त्याला जर्मनी सोडावी लागली. मागे राहिलेली चित्रे गाब्रिएले म्युंटर हिने सांभाळली. ती स्वतः मोठी चित्रकार होती आणि कित्येक वर्षे त्याची जोडीदार होती. तो तिच्याकडे परतला नाही. पुढे नाझींनी अशा कलेला विकृत ठरवले, तेव्हा तिने ती सगळी मुर्नाऊ गावातल्या आपल्या घराच्या तळघरात लपवून ठेवली आणि १९५७ साली, वयाच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, म्युनिक शहराला देऊन टाकली. त्यातच हा कागद होता. तो आता इथल्या लेनबाखहाउस संग्रहालयाचा आहे. कांडिन्स्कीबद्दल मला आदर आहे, पण हे चित्र पाहिले की मला म्युंटरच जास्त आठवते, आणि ती आठवली की आई, मला तुझ्या लोखंडी ट्रंकेतली माझी चित्रे आठवतात. शिरगावच्या घरात मी खडूंनी भिंत भरवली होती तेव्हा चुना लावायला आलेल्या माणसाला बाबांनी परत पाठवले होते, हेही मी विसरलेले नाही.

बाबा, प्रत चोरीची नाही. कांडिन्स्की डिसेंबर १९४४मध्ये वारला. जर्मनीत कलाकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे आणि आपल्याकडे साठ वर्षे हक्क राहतो, त्यामुळे दोन्हीकडची मुदत संपली आहे. मूळ कागद जेमतेम २४ बाय ३२ सेंटिमीटरचा आहे. तुमच्या खुर्चीपासून भिंत लांब म्हणून मी तो दुपटीने मोठा केला, त्याहून मोठा मुद्दाम केला नाही. दुकानांत हेच चित्र भिंतभर आणि भडक करून विकतात, त्यात जलरंगाचा ओलसरपणा पार नाहीसा होतो.

आता काळजीचे. काचेऐवजी ॲक्रिलिक बसवले आहे, त्यामुळे चौकट हलकी आहे आणि पडली तरी तुकडे होणार नाहीत. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळेल एवढी जागा ठेवली आहे. चित्राचा मध्य साधारणपणे जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर ठेवतात, पण बाबा बसून पाहणार असल्याने तो १२०वर असावा असे दादाला सांगितले आहे. दोन खिळे तोच ठोकेल. आईने स्टुलावर चढायचे नाही, "जरासेच वाकडे आहे" म्हणूनसुद्धा नाही. दुपारचे ऊन त्या भिंतीपर्यंत येते, तेव्हा तीननंतर पडदा ओढून घ्या. ओल्या फडक्याने पुसायचे नाही, कोरडे मऊ फडके पुरेल. खोलीतला पिवळा दिवा काढून ४००० केल्विन लिहिलेला बल्ब लावा, नाहीतर रात्री निळे रंग मळकट दिसतील. त्याने बाबांना पेपर वाचायलाही बरे पडेल.

यंदा दिवाळीला मी येऊ शकत नाही. त्याच्या बदल्यात हे पाठवत आहे असे कृपा करून समजू नका. मी आले असते तरी हे चित्र आणलेच असते. महिनाभर ते भिंतीवर राहू द्या. त्यानंतरही आईला नको वाटले तर दादाच्या घरी जाईल आणि मला वाईट वाटणार नाही. बाबा, शिकवलेले व्यायाम सकाळ-संध्याकाळ करायचे आणि काठीशिवाय न्हाणीघरात जायचे नाही. आई, गुडघ्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नकोस. रविवारी चौकट लागली की दादाच्या फोनवरून मला ती खुर्चीच्या जागेवरून दाखवा, म्हणजे उंची बरोबर आहे की नाही ते मी लगेच सांगेन.

तुमची लेक