बसमध्ये चेंडू किती, हे जाणून घेण्यात कोणालाच रस नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरीच्या मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या चमत्कारिक प्रश्नांच्या आणि त्यांच्या 'हमखास' उत्तरांच्या याद्या हल्ली जिथे तिथे दिसतात. 'तुम्ही प्राणी असता तर कोणता?' याला 'गरुड' म्हणा, 'तुमचा दोष कोणता?' याला 'माझे कामात फार बारीक लक्ष असते' म्हणा, असा एकूण थाट. या याद्यांनी उमेदवारांचे नुकसानच जास्त होते. सकाळपासून सहा-सात गरुड ऐकलेल्या पॅनेलपुढे आठवा गरुड उतरला की कोणी पेनसुद्धा उचलत नाही. त्यावर 'का बरे?' एवढा साधा पोटप्रश्न आला तरी पाठांतर उघडे पडते.

असे प्रश्न विचारण्याचे खूळ जुने आहे. थॉमस एडिसनने उमेदवारांसाठी शंभराहून अधिक प्रश्नांची परीक्षा ठेवली होती. १९२१ मध्ये ते प्रश्न वर्तमानपत्रांत छापून आले. त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न आइन्स्टाइनना विचारला गेला, तेव्हा पुस्तकात सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात ठेवत नाही, असे ते म्हणाले. आता माहितीची जागा कोड्यांनी घेतली आहे, इतकेच.

उत्तर शोधण्याआधी प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. 'एका बसमध्ये गोल्फचे किती चेंडू मावतील?' हा अंदाजाचा प्रश्न. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या नावाने हे प्रश्न ओळखले जातात. शिकागोत पियानोचे सूर जुळवणारे कारागीर किती, हे त्याचे ठरलेले उदाहरण. नेमका आकडा पॅनेललाही ठाऊक नसतो. मोठा प्रश्न तुम्ही कसा फोडता, काय गृहीत धरता आणि ते बोलून दाखवता का, एवढेच तिथे पाहिले जाते. म्हणून आधी एक-दोन खुलासे मागावेत: बस केवढी, आसने आहेत की काढली आहेत? मग कागद-पेन मागून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

आता हिशेब. बसची आतली जागा ८ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, २ मीटर उंच धरली तर ४० घनमीटर. आसने वगैरेंसाठी पाव भाग सोडा, उरले ३०. चेंडूचा व्यास सुमारे ४.३ सेंटीमीटर, म्हणजे आकारमान ४० घनसेंटीमीटरच्या आसपास. गोल वस्तू कशाही ओतल्या तर जागेचा साधारण ६४ टक्केच भाग भरतो, बाकी फटी राहतात. एका घनमीटरात १० लाख घनसेंटीमीटर. त्यातले ६ लाख ४० हजार भागिले ४०, म्हणजे १६ हजार चेंडू. गुणिले ३०, चार लाख ऐंशी हजार. 'पाच लाखांच्या आसपास' म्हणावे आणि लगेच पडताळा द्यावा: याच हिशेबाने १० लिटरच्या बादलीत १६० चेंडू बसतात, डोळ्यांसमोर आणले तर पटण्यासारखे आहे. हा बादलीचा पडताळा देणारे उमेदवार फार थोडे, आणि पॅनेलच्या लक्षात राहतात तेच.

चुका बहुधा ठरलेल्या जागी होतात. घनमीटराचे घनसेंटीमीटर करताना १० लाखांऐवजी शंभराने गुणले जाते आणि उत्तर दहा हजार पटींनी घसरते. फटी विसरल्या जातात. '४ लाख ८२ हजार ३१७' असा आकडा ठोकून दिला जातो. गृहीतके इतकी ढोबळ असताना तो हास्यास्पद वाटतो. सर्वांत वाईट म्हणजे तीन मिनिटे मान खाली घालून मनातल्या मनात गणित करणे, कारण पॅनेलला पाहायचे असते ते नेमके तिथेच झाकले जाते. मध्येच कोणी 'आसने काढली तर?' असे विचारले की सगळे खोडून नव्याने सुरुवात करू नये. ३० च्या जागी ४० घालून पुढे जावे.

एकच उत्तर असलेली कोडी वेगळी. सव्वातीन वाजता घड्याळाच्या दोन काट्यांमधला कोन किती? घाईत 'शून्य' येते. पण मिनिटकाटा तीनवर पोहोचेपर्यंत तासकाटा पुढे सरकलेला असतो: तासाला ३० अंश, पाव तासात साडेसात. तोंडावर आलेले पहिले उत्तर चुकीचे निघावे अशीच ही कोडी रचलेली असतात, म्हणून 'अर्धा मिनिट द्या' म्हणून ते एकदा तपासावे. कोडे आधी ऐकलेले असेल तर तसे सांगून टाकावे. नव्यानेच सुचल्याचा अभिनय जमत नाही, आणि कळल्यावर उरलेल्या सगळ्या उत्तरांवर संशय घेतला जातो. मॅनहोलचे झाकण गोल का, याला 'ते आत पडत नाही' हे पाठ उत्तर अर्धेच आहे. फुगीर बाजूंचा रुलो त्रिकोण सगळीकडे सारख्याच रुंदीचा असतो, तोही आत पडणार नाही. गोल झाकण कसेही फिरवून बसते आणि जड असले तरी गडगडत नेता येते, हेही सांगावे लागते.

प्राणी, रंग, हवामान, 'तुम्ही स्वयंपाकघरातली वस्तू असता तर' या कल्पनेच्या प्रश्नांत निवडीला काडीचे महत्त्व नाही. निवड, एक कारण आणि कामातला एक पुरावा, अर्ध्या मिनिटात. हिशेब विभागासाठी आलेली उमेदवार म्हणते, 'खार. ऐन वेळेसाठी काम ठेवायला मला आवडत नाही. महिनाअखेरचा ताळमेळ मी २५ तारखेपासून जुळवायला घेते. शेवटच्या दिवशी फक्त फरक शोधायचे उरतात.' खार विसरली जाते, २५ तारीख लक्षात राहते.

दबावाचे प्रश्न मात्र अनेकांची बोबडी वळवतात. 'तुम्हाला का घेऊ नये?' इथे खरीच उणीव सांगावी, पण त्या कामाचा कणा नसलेली, आणि ती भरून काढायला काय चालू आहे तेही. 'आमच्या या मुलाखतीला दहापैकी किती गुण द्याल?' आकडा द्यावा, एक चांगली गोष्ट आणि एक सूचना सांगावी. दहापैकी दहा देणारा घाबरलेला दिसतो. 'हे पेन मला विका' म्हटल्यावर पेनाचे गुणगान सुरू करणारा तिथेच हरला. आधी विचारावे: तुम्ही हाताने कधी लिहिता, कशावर, सध्याच्या पेनाचा त्रास काय? 'आधीच्या कंपनीचे दर काय होते, मोठे ग्राहक कोण?' हा प्रश्न सहज गप्पांच्या सुरात येतो आणि अनेक जण फसतात. नम्रपणे नकार द्यावा. तिकडचे इकडे सांगणारा उद्या इकडचे तिकडे सांगणार, हे समोरच्यालाही कळते.

आणखी एक बिनबोलता दबाव: तुमचे उत्तर संपले आहे आणि पॅनेल गप्प. ही शांतता असह्य होऊन उमेदवार बोलत सुटतो आणि चांगले दिलेले उत्तर स्वतःच नासवतो. मनात पाच अंक मोजावेत, मग 'आणखी तपशील सांगू का?' एवढेच.

लग्न, मूल, धर्म, जात, राजकीय कल यांविषयीचे प्रश्न विचित्र म्हणून खपवले जातात. ते खरे तर गैर आहेत. अनेक देशांत त्यांच्या आधारे केलेली निवड भेदभावविरोधी कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते. तरी खुर्चीत बसलेल्या उमेदवाराने त्या क्षणी काय करावे? प्रश्नामागची शंका ओळखून तिचे उत्तर द्यावे: 'कामाच्या वेळा आणि फिरती मी समजून घेतली आहे, ती मला जमेल.' पुन्हा तेच आले तर शांत सुरात, 'याचा या कामाशी संबंध कळला तर नीट उत्तर देता येईल.' तिसऱ्यांदाही तेच आले, तर तिथे काम करायचे की नाही याचा विचार उमेदवाराने करावा.

तयारी शंभर उत्तरांची करू नये, सहा-सात प्रसंगांची करावी. एक फसलेले काम, एक सहकाऱ्याशी झालेला मतभेद, अपुऱ्या माहितीवर घेतलेला एक निर्णय, स्वतःचे मत बदलावे लागले असा एक प्रसंग, असे आणखी दोन-तीन. प्रत्येकाच्या चार ओळी: परिस्थिती काय होती, माझ्याकडे काय सोपवले होते, मी काय केले, निष्पन्न काय झाले. शेवटच्या ओळीत शक्यतो आकडा हवा. तिसऱ्या ओळीत 'आम्ही' आले की पॅनेल हमखास अडवते, 'त्यातले तुम्ही काय केलेत?' मग कोणाला तरी वाटेल ते प्रश्न फेकायला सांगावेत आणि दहा सेकंदांत यातला कोणता प्रसंग लागू पडतो ते ठरवण्याचा सराव करावा. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे. आपण दर वाक्याला 'ॲक्च्युअली' म्हणतो, हे तेव्हाच कळते.

मुलाखत घेणाऱ्यांनाही चार शब्द. गूगलचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्येच एका मुलाखतीत मान्य केले होते की अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. त्यांतून काहीच भाकीत करता येत नाही, विचारणाऱ्याला स्वतः हुशार असल्यासारखे वाटते इतकेच. निवडपद्धतींवरच्या संशोधनाचा श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये आढावा घेतला, त्यात सगळ्यांना तेच प्रश्न आणि ठरलेली गुणपद्धत असलेल्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.५१ निघाला, सैल गप्पावजा मुलाखतीचा ०.३८. नंतरच्या संशोधनात दोन्ही आकडे खाली आले, क्रम तोच राहिला. विचित्र प्रश्न विचारायचाच असेल तर एक, तीन आणि पाच गुणांचे उत्तर कसे असेल ते आधी कागदावर लिहावे. लिहिता येत नसेल तर तो प्रश्न गाळावा.

राहता राहिले जिना उतरताना सुचणारे उत्तर. ते वाया घालवण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत आभाराचा ईमेल पाठवायचाच असतो, त्यात एक ओळ घालावी: 'काल विचारलेला कोन साडेसात अंश, तासकाटा सरकतो हे मी धरले नव्हते.' सबबी नकोत, दुसरी ओळही नको.

आपला,
मुलाखत-मंडळांवर काम करणारा एक वाचक