गोळी तुम्ही लिहिता, मग हाडं कोणी बघायची?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

काल आपल्या पुरवणीतला स्तनाच्या कर्करोगावरचा लेख वाचला. लेख धीर देणारा आहे आणि लेखिकेच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आटोपलं की 'पुढे फक्त रोज एक गोळी' हे वाचलं आणि पुढचं वाचवेना. फक्त? ती गोळी निदान पाच वर्षं चालते, कित्येकींची सात-दहा वर्षंसुद्धा. दुष्परिणामांच्या चौकटीत गरम वाफा आहेत, सांधेदुखी आहे, केस विरळ होणं आहे. हाडं ठिसूळ होतात याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाई अशीच एक गोळी, लेट्रोझोल, घेतात. तिसऱ्या वर्षी गादीखाली चादर खोचायला वाकल्या आणि पाठीत अशी कळ आली की सरळ होता येईना. नेहमीच्या तपासणीला गेल्या तेव्हा सांगितलं, 'या गोळीने अंग दुखतंच, चालत राहा.' त्या चालत राहिल्या, दात-ओठ खाऊन. खूप उशिरा कोणीतरी एक्स-रे काढायला लावला. मणका पुढच्या बाजूने दबलेला! पडल्या नव्हत्या, कुठे आपटल्या नव्हत्या. कपाटाचा वरचा कप्पा त्यांच्या हाताला पोचेनासा झाला होता, तेही आम्ही सगळ्यांनी वयावर ढकललं होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी कधीपासून चालू आहे आणि सुरू करताना डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली होती का. फाइल माझ्या मांडीवर होती. पानन् पान उलटलं. दरवर्षीचा मॅमोग्राम होता, सोनोग्राफी होती, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट तारीखवार लावलेले होते. डेक्सा नव्हती. ड जीवनसत्त्वाची साधी रक्ततपासणीही नव्हती. जिथे गोळी लिहून दिली होती तिथे जाऊन विचारलं, तर 'हाडांचा विषय आमच्याकडे येत नाही' असं उत्तर मिळालं. गोळी तुमची आणि हाडं दुसऱ्याची, हे कसं चालेल? ज्याने गोळी लिहिली त्यानेच त्या दिवशी डेक्साची चिठ्ठीही लिहायला हवी. मला एवढंच म्हणायचं आहे आणि ते मी ठासून म्हणते.

यात काही गूढ नाही. पाळी गेल्यावरही शरीरात थोडं इस्ट्रोजेन तयार होत असतं, मुख्यतः चरबीत. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या तेही बंद पाडतात. कर्करोगासाठी ते हवंच आहे. पण हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालतं तेही इस्ट्रोजेनच. पाळी गेल्यावर हाडाची घनता एरवी वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरते, या गोळ्यांवर ती दोन टक्के किंवा त्याहून जास्त उतरते. तरुण वयात इंजेक्शनने पाळी थांबवून वर ही गोळी देतात, त्या मुलींची झीज आणखी वेगाने होते. आपल्या लेखात टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरचीच वेगळ्या प्रकारची गोळी आणि या गोळ्या एकाच ओळीत कोंबल्या आहेत. पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना टॅमॉक्सिफेन उलट थोडा आधार देतं. एवढा फरक तरी सांगायला हवा होता.

आणि उपाय नाहीत असंही नाही, म्हणून तर चीड येते. सुरुवातीला एक डेक्सा, मग दर एक-दोन वर्षांनी. डेक्सात हाडाच्या घनतेचा जो आकडा येतो तो टी-स्कोअर; तो उणे २.५ झाला की हाडं ठिसूळ म्हणतात, पण या गोळीवरच्या बायकांसाठी उणे २ लाच, आणि आधी कधी हाड मोडलं असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर त्याच्याही आधी, औषधाचा विचार करायला तज्ज्ञ सांगतात. हाडांची झीज रोखायला दर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाइन असते, डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका चाचणीत अशाच गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये डेनोसुमॅबने हाडं मोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आणलं. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, अठरा हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र करून दाखवलं गेलं की झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या जातीच्या औषधांनी, पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये, कर्करोग हाडात परतण्याचंही प्रमाण पाव हिश्शाहून जास्त घटतं. इतकी वर्षं हे छापील आहे. मग जाऊबाईंना ते मणका दबल्यावरच का कळावं?

एक गोष्ट मात्र कृपया ठळक छापा. डेनोसुमॅब मध्येच सोडायचं नसतं. ते थांबवलं की हाडांची घनता झपाट्याने खाली येते आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. थांबवायचंच असेल तर त्यामागे दुसरं औषध द्यावं लागतं. या दोन्ही औषधांच्या आधी दातही दाखवून घ्यावेत, कारण उपचार चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. आणि कोणीही हे पत्र वाचून कर्करोगाची गोळी बंद करू नये. जाऊबाईंची गोळी चालू आहे, सलाइनही चालू आहे. मणका मात्र पूर्वीसारखा होणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

शेवटी, लेखाखालच्या जाहिरातीबद्दल. हाडं 'पोलादी' करणाऱ्या कुठल्याशा पावडरची जाहिरात आपण नेमकी त्याच पानावर लावलीत. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच, दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं, शक्यतो जेवणातूनच. पण या गोळ्यांनी होणारी झीज तेवढ्याने थांबत नाही. घाबरलेली बाई ती पावडर आणेल आणि डेक्सा करायची राहून जाईल. ती जाहिरात आरोग्याच्या पानावरून काढा आणि त्या जागी पुढच्या अंकात डेक्साची माहिती द्या.

आपली,
एक नियमित वाचक
(कृपया नाव छापू नये)